‘मामू, ये गेम अपने कम्प्युटर पे चलेगा क्या?’

गेल्या रमजान ईदनंतरची गोष्ट. आमचा भाचा, अकरावी विज्ञान शाखेत शिकणारा, सलाम करून समोर बसला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “मामू, ये गेम अपने कम्प्युटर पे चलेगा क्या?” हा प्रश्न आम्हाला नवा नव्हता. चारठाण्यासारख्या गावात आता बऱ्याच घरांत कम्प्युटर किंवा लॅपटॉप आला आहे. कुणी मुलाच्या कॉलेजसाठी घेतला, कुणी शिष्यवृत्तीचे फॉर्म भरण्यासाठी, कुणी एमएस-सीआयटीचा सराव व्हावा म्हणून. घरात कम्प्युटर आला की महिनाभरात मुलांच्या तोंडी हा प्रश्न येतोच. वडीलधाऱ्यांना त्यातले कळत नाही. मग ते एक तर “बंद कर ते” म्हणतात, नाही तर दुकानदार सांगेल ते घेऊन मोकळे होतात.

आमच्या बाजीच्या घरी मात्र हा प्रश्न सत्तर हजारांवर जाऊन पोहोचला होता.

घरातला कम्प्युटर दोन वर्षांपूर्वी चौदा हजारांत घेतलेला, वापरलेला. एखाद्या कार्यालयातून निघालेली सडपातळ पेटी, सोबत मॉनिटर. भाच्याने त्यावर गेम टाकून पाहिला, तर चित्र अडकत अडकत पुढे सरके आणि मशीन गरम होऊन घरघरू लागे. मित्रांनी सांगितले, “तुझ्या डब्यावर काही होणार नाही, गेमिंग लॅपटॉपच घे.” दुकानात विचारले तर सत्तर हजार. एवढे पैसे नाहीत म्हटल्यावर दुकानदाराने सोपा मार्ग दाखवला, बिनव्याजी हप्ते.

दुल्हेभाई टेम्पो चालवतात. आयुष्यात व्याजाचा पैसा घ्यायचा नाही आणि द्यायचा नाही, हा त्यांचा नेम. ते एवढेच म्हणाले, “सूद नहीं बोलते, तो फायनान्सवाला खाता क्या?” मुलाला वाटले, अब्बांना द्यायचे नाही म्हणून बहाणा करतात. आठ दिवस बाप-लेकात बोलणे बंद. बाजीने आम्हाला बोलावले ते यासाठी.

बिनव्याजी हप्त्याचे गणित

आधी दुल्हेभाईंच्या प्रश्नाचे उत्तर. त्यांची शंका खरी होती. अशा योजनेत व्याज नसते असे नाही. ते बहुधा वस्तूच्या किमतीत मिसळलेले असते, किंवा रोख घेणाऱ्याला जी सूट मिळते ती हप्तेवाल्याला मिळत नाही. वर प्रोसेसिंग फी वेगळी. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही २०१३ मध्ये बँकांना बजावले होते की ‘शून्य टक्के व्याज’ असे काही नसते, ग्राहकाला खरा दर स्पष्ट सांगितला पाहिजे. म्हणून एकच करावे. त्याच वस्तूची रोख किंमत काय आणि सगळे हप्ते, फी मिळून एकूण किती जातात, हे कागदावर लिहून घ्यावे. दोन आकड्यांतला फरक म्हणजे काय ते नाव न घेताही समजते.

पण मूळ प्रश्न उरतोच. सत्तर हजार खर्च करण्याची खरोखर गरज आहे का? ते ठरवायचे तर कम्प्युटरच्या आत काय चालते ते थोडे समजून घेतले पाहिजे.

चित्र तयार होते कसे?

कम्प्युटरवरचा गेम म्हणजे सिनेमा नव्हे. सिनेमातली चित्रे आधी काढून ठेवलेली असतात, फक्त दाखवायची असतात. गेममध्ये खेळणारा डावीकडे वळला की नवे चित्र, उजवीकडे वळला की दुसरे. प्रत्येक चित्र त्याच क्षणी गणित करून काढावे लागते.

आपल्या चारठाण्याच्या जुन्या मंदिरांच्या खांबांवरची नक्षी सर्वांनी पाहिली आहे. सकाळी ऊन एका बाजूने पडते तेव्हा ती वेगळी दिसते, दुपारनंतर वेगळी. दगडातल्या प्रत्येक पाकळीची सावली बदलते. अशा एका खांबाभोवती आपण फिरतो आहोत असे गेममध्ये दाखवायचे असेल, तर प्रत्येक पावलाला प्रत्येक पाकळीवरचा उजेड आणि सावली नव्याने मोजावी लागेल.

पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे असते. साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एकूण २०,७३,६००. चालणे-धावणे गुळगुळीत दिसायला सेकंदाला ६० चित्रे लागतात. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग ठरवायचा. ६० ऐवजी ३० चित्रे मिळाली तरी खेळता येते. त्याखाली गेले की चित्र अडकते आणि मुले म्हणतात, “लॅग होतंय.”

हे काम कोण करते? कम्प्युटरचा प्रोसेसर म्हणजे शाळेतले चार हुशार शिक्षक समजा. कोणतेही अवघड काम सांगा, एकामागून एक करतील. पण एकाच वेळी हजार सोप्या बेरजा करायच्या असतील तर चार शिक्षकांपेक्षा मैदानात बसवलेली पाचशे मुले बरी. प्रत्येकाने एक-दोन बेरजा केल्या की काम संपले. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ही पाचशे मुले. एनव्हिडियाच्या जीटी ७१० या स्वस्त कार्डात अशी १९२ गणन-केंद्रे आहेत, जीटी १०३० मध्ये ३८४ आणि २०१९ च्या जीटीएक्स १६५० मध्ये ८९६. फरक इथे पडतो.

बहुतेक घरगुती आणि कार्यालयीन कम्प्युटरमध्ये वेगळे कार्ड नसते. प्रोसेसरच्या पोटातच छोटा ग्राफिक्स विभाग असतो. टायपिंग, व्हिडिओ, ऑनलाइन तास यांना तो पुरतो. मोठ्या गेमला पुरत नाही.

आधी आपले मशीन ओळखा

आम्ही भाच्याला म्हणालो, “गेम चालेल का हे विचारण्याआधी आपल्याकडे काय आहे ते सांग.” त्याला माहीत नव्हते. खरे तर पाहणे सोपे आहे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ भागात प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि बहुतेक मशीनवर ग्राफिक्स यांची नावे व आकडे दिसतात.

आमच्या बाजीच्या घरचे उत्तर असे आले: इंटेल कोअर आय-फाइव्ह ३४७० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क आणि इंटेल एचडी २५०० ग्राफिक्स. वेगळे कार्ड नाही.

आता दुसरी बाजू. प्रत्येक गेमचा निर्माता त्या गेमला किमान काय लागते आणि चांगले चालण्यासाठी काय हवे, अशा दोन याद्या जाहीर करतो. या याद्या वाचता आल्या की निम्मे भांडण मिटते. तीन उदाहरणे पाहा.

जीटीए फाइव्ह हा गेम कम्प्युटरसाठी २०१५ मध्ये आला. त्याच्या मूळ यादीत किमान ४ जीबी रॅम आणि १ जीबीचे ग्राफिक्स कार्ड मागितले आहे. चांगले चालण्यासाठी ८ जीबी रॅम, जीटीएक्स ६६० कार्ड आणि प्रोसेसर कोणता, तर कोअर आय-फाइव्ह ३४७०! म्हणजे ज्या ‘डब्या’ला मित्र हसत होते त्याचा प्रोसेसर शिफारशीतलाच निघाला. कमी होते ते कार्ड आणि रॅम.

व्हॅलोरंट हा २०२० मधला गेम बराच हलका आहे. किमान यादीत इंटेल एचडी ४००० इतके पोटातले ग्राफिक्सही चालते. आमचे एचडी २५०० त्याच्याही एक पायरी खाली.

सायबरपंक २०७७ हा दुसऱ्या टोकाचा. आता त्याच्या किमान यादीतच १२ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० हे ६ जीबीचे कार्ड आणि एसएसडीवर ७० जीबी जागा मागितली आहे. जुन्या कार्यालयीन कम्प्युटरवर त्याचा विचारच नको.

म्हणून “कम्प्युटर गेम झेपवेल का?” याला हो किंवा नाही असे एक उत्तर नाही. कोणता गेम आणि कोणता भाग कमी पडतो, हे विचारायला हवे.

आमची चूक

इथे आम्ही स्वतः फसलो ते सांगितले पाहिजे. कमी आहे ते कार्डच, तर एक कार्ड आणू, असे म्हणून आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. दुकानात एक कार्ड दाखवले, खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘४ जीबी’. यादीत १ जीबी मागितले आहे, हे तर चौपट, असा सरळ हिशेब करून आम्ही घेतले. घरी येऊन पेटी उघडली तर कार्ड बसेचना. कार्ड पूर्ण उंचीचे, पेटी सडपातळ. परत करायला गेलो तेव्हा पाचशे रुपये कापून घेतले. दोष आमचाच, मापे आम्ही विचारली नव्हती.

त्या पाचशे रुपयांत जे शिकलो ते वाचकांना फुकट देतो.

पहिली गोष्ट, कार्डावर लिहिलेले जीबी म्हणजे वेग नव्हे. ती सामान ठेवायची जागा आहे. मोठे गोदाम आणि दोनच हमाल, अशी कार्डे बाजारात असतात. मेमरीचा प्रकार पाहावा. जीटी १०३० हे एकच नाव दोन प्रकारांत मिळते. जीडीडीआर-५ चे बरे आहे, पण डीडीआर-४ चे त्याच नावाने विकले जात असूनही बरेच मंद आहे. खोक्यावरची बारीक अक्षरे वाचा.

दुसरी गोष्ट, पेटीचे माप. सडपातळ पेटीत अर्ध्या उंचीचे, म्हणजे लो-प्रोफाइल कार्डच बसते.

तिसरी गोष्ट, वीज. कार्यालयीन पेट्यांमधला वीजपुरवठा लहान असतो. आमच्या पेटीवर २४० वॅट लिहिले होते. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला वेगळी वायर लागते, ती अशा पेटीत नसते. जीटी १०३० ला सुमारे ३० वॅट पुरतात.

चौथी गोष्ट आपल्या मराठवाड्याची. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. गेम खेळताना मशीन आधीच तापते, त्यात खोली पत्र्याची. फार तापले की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि मुलाला वाटते कम्प्युटर बिघडला. पेटी भिंतीला चिकटवू नये, वर्षातून दोनदा धूळ काढावी, जिथे विजेचा दाब वर-खाली होतो तिथे यूपीएस लावावा. कधी कधी नव्या कार्डापेक्षा धूळ काढण्याने जास्त फरक पडतो.

एका मुलीचे म्हणणे

हे सगळे चालले असताना भाची दारात उभी राहून ऐकत होती. ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सगळ्यांचे बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, “मामू, कम्प्युटर सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागतात. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना तीनदा अर्ध्यात बंद पडला. शेवटी मैत्रिणीकडे जाऊन भरला.”

खोलीत शांतता झाली. दोन महिने घरात कम्प्युटरवरून वाद चालू होता, आणि त्याच कम्प्युटरवर काम अडलेल्या मुलीला कुणी विचारलेच नव्हते. तिने मागितले नाही, म्हणून तिची गरज नाही असे आम्ही सगळ्यांनी धरले होते. आम्हीसुद्धा. मुलांमध्ये न्यायाने वागा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आम्ही वर्गात शिकवतो. ती फक्त मिठाई आणि कपडे वाटण्यापुरती नाही.

मग क्रम बदलला. आधी एसएसडी आणि दुसरी ४ जीबीची रॅम. दोन्ही मिळून साडेतीन हजारांच्या आत काम झाले, दुल्हेभाईंनी रोख दिले. जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी आल्यावर पाच मिनिटांचे काम अर्ध्या मिनिटावर आले. रॅमच्या दोन सारख्या पट्ट्या जोडीने लावल्या की मेमरीचा रस्ता दुपदरी होतो, आणि पोटातल्या ग्राफिक्सलाही थोडा जोर मिळतो. जुन्या कम्प्युटरवर खर्च करायचा तर सुरुवात इथून करावी. त्याचा फायदा घरात सर्वांना होतो.

उरले कार्ड. दुल्हेभाई म्हणाले, “वो तेरा शौक है, तेरे पैसे से ले.” भाच्याने ईदी साठवली होती. सुट्टीत महिनाभर अब्बांबरोबर टेम्पोवर माल चढवला-उतरवला. त्या पैशांतून लो-प्रोफाइल, जीडीडीआर-५ चे जीटी १०३० घेतले. या वेळी खोक्यावरची बारीक अक्षरे त्यानेच वाचली आणि फूटपट्टी घेऊन दुकानात गेला.

चालेल, पण चालवायचा का?

यंत्राला झेपेल की नाही हे कळले. घराला झेपेल की नाही, हा पुढचा प्रश्न. खेळ म्हणजे वाईटच, असे आम्ही मानत नाही. प्रेषित (स.) यांनी हजरत आयशा (र.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याचे हदीसमध्ये आहे. मन रमवण्याला दीनमध्ये जागा आहे. पण काही गोष्टी पाहाव्या लागतात.

गेमवर वयाची खूण असते. युरोपातली पेगी आणि अमेरिकेतली ईएसआरबी या संस्था ती देतात. जीटीए फाइव्हला पेगीने १८ वर्षांवरील असे ठरवले आहे. त्यात खूनखराबा, शिव्या, अश्लीलता आहे. म्हणजे आमच्या कम्प्युटरवर तो ‘चालत’ असला तरी सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती द्यायचा नव्हता. हे भाच्याला समजावले तेव्हा तो लगेच मान्य झाला असे नाही. पण यादी वाचायला तोच शिकला होता, खूणही त्याच पानावर होती.

पेन ड्राइव्हमधून फिरणाऱ्या चोरीच्या प्रतींपासून दूर राहावे. त्यांतून व्हायरस येतो, आणि दुसऱ्याच्या मेहनतीची वस्तू न विचारता घेणे याला आपल्याकडे काय म्हणतात ते सांगायला नको. पैसे लावून खेळायचे गेम तर सरळ जुगार. अशा खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केला. पैसे देऊन बंद पेटी उघडायची आणि आत काय निघते ते नशिबावर, हा प्रकार साध्या गेममध्येही असतो. त्यावर घरच्यांनी लक्ष ठेवावे.

आणि वेळ. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या अतिरेकाला आजारांच्या यादीत जागा दिली आहे, ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. रोज थोडा वेळ खेळणारा मुलगा आजारी नव्हे. खेळावर ताबा राहत नाही, बाकी सगळे त्यापुढे मागे पडते, नुकसान दिसूनही थांबता येत नाही आणि हे साधारण वर्षभर चालते, तेव्हा तो आजार. बाजीच्या घरी नियम एकच केला. कम्प्युटर बाहेरच्या खोलीत, पडदा सर्वांना दिसेल असा. अजान झाली की बंद, आणि बहिणीचे काम असेल तर तिची पाळी आधी.

एक गोष्ट मुलांनाही सांगावी. गेमसाठी बनलेल्या याच ग्राफिक्स चिप्सच्या मोठ्या बहिणी आज विज्ञानाची कामे करतात. १९९१ मध्ये परम ८००० घडवणाऱ्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक एनव्हिडियाच्या अशाच चिप्सवर चालतो. नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत तो ६३ वा होता. ‘राजी’ हा जगभर विकला गेलेला गेमही पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीने २०२० मध्ये तयार केला. खेळणाऱ्या मुलाला “हे बनवतात कसे?” असे एकदा विचारून पाहा.

नवा घ्यायचाच असेल तर

ज्यांना नवा कम्प्युटर घ्यायचा आहे त्यांनी चांगले पोटातले ग्राफिक्स असलेला प्रोसेसर पाहावा. एएमडीचा रायझन फाइव्ह ५६००जी हे त्याचे एक उदाहरण. वेगळ्या कार्डाशिवाय हलके गेम त्यावर खेळता येतात, पुढे पैसे जमले की कार्ड घालता येते. आणखी एक ध्यानात असू द्या. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० व साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. म्हणून वापरलेले मशीन घेताना पिढी विचारा. आमच्या बाजीच्या मशीनसारख्या जुन्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

परवा बाजीकडे गेलो होतो. भाचा गाड्यांच्या शर्यतीचा एक जुना गेम खेळत होता. पडदा १३६६ बाय ७६८ चा, मांडणी मध्यम ठेवलेली, चित्र कुठे अडकत नव्हते. दुल्हेभाई मागे खुर्चीत बसून सांगत होते, “अरे, मोडपे ब्रेक मार! टेम्पो ऐसा चलाया तो माल गिर जाएगा.” दोघेही हसत होते. तेवढ्यात मगरिबची अजान झाली. भाच्याने कम्प्युटर बंद केला, टोपी उचलली आणि बाप-लेक बरोबरच मशिदीकडे निघाले.

घरात सूद आला नाही, मुलीचा फॉर्म घरातूनच भरला गेला आणि मुलाचा शौकही राहिला. ज्या घरांत सध्या हाच प्रश्न चालू असेल, त्यांनी आधी मशीनची यादी काढावी आणि मग सगळ्यांना, न बोलणाऱ्यांनाही, एकदा विचारावे. अल्लाह आपल्या सर्वांच्या घरात बरकत देवो. आमीन.